धरलेलं हो

पांढऱ्या रंगाचा एक हात दिला म्हणून खालचं अक्षर जात नाही. ते नुसतं मागं सरतं. निळा ‘पू’ अजून तिथंच होता, दुधाखाली बुडाल्यासारखा, आणि त्याच्या उकाराच्या शेपटीपाशी रंग जाड पडल्यामुळे एक ओघळ निघून पत्र्याच्या खालच्या कडेशी येऊन थबकला होता. कडेचा रंग वाळून निस्तेज झाला होता. मधला ओला होता आणि त्यात सकाळचं ऊन चमकत होतं. म्हणजे काम सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. त्रिवेणीनं एवढं सगळं पाहून घेतलं आणि मगच तिला कळलं की आपण स्कूटी गेटच्या मधोमध थांबवून उभ्या आहोत. परभणीच्या एमआयडीसीतल्या या गेटमधून ती लग्नाच्या आधीपासून आत जात होती, आणि इतक्या वर्षांत वरची पाटी तिनं बहुधा एकदाही वाचली नव्हती. आता अर्धी गेल्यावर डोळ्यांनी ती आपोआप वाचायला घेतली: ‘काठ बियाणे प्रायव्हेट लिमिटेड’. त्याच्या आधीची ‘पूर्णा’ गेली होती.

“म्याडम, गाडी जरा मागं घ्या,” शिडीवरून सिद्धोधन पेंटर म्हणाला. “अंगावर ओघळ पडला तर मलाच बोलताल.”

“आज कुणी सांगितलं रंगवायला?”

“काकांनी. म्हणले, सोमवार हाय, पांढरा हात आज लागलाच पायजे. नवं नाव मागून घालू.”

“नवं नाव काय?”

“ते दुपारी तीनला ठरतंय म्हणं वर.” त्यानं ब्रश डब्याच्या कडेवर निथळला. “मी म्हणलं, ठरू तर द्या. तर म्हणले, लिहायला ठरावं लागतंय, पुसायला काय लागतंय?”

तो हसला. त्रिवेणीही हसली आणि तिनं गाडी मागं घेतली.

तीनला सभा होती. तिचे वडील राजेश्वर आणि काका रेवणसिद्ध या दोघा भावांनी काढलेली ही बियाण्यांची कंपनी, काकांच्या मुलानं, मन्मथनं, जालन्यात उभ्या केलेल्या कंपनीत विलीन व्हायची होती, आणि त्याला भागधारकांची मंजुरी घ्यायची होती. भागधारक म्हणजे घरचीच माणसं. त्यांत एक त्रिवेणी, कारण वडील गेल्यावर त्यांचे शेअर तिच्या नावावर आले होते. मंजुरी मिळाली की इथली लॅब बंद होणार होती. बियाण्याच्या चाचण्या जालन्यात होणार होत्या. यातलं काहीही तिच्यापासून लपवलेलं नव्हतं. विलीनीकरणाची योजना तिनं वाचली होती, आणि तीही घरच्या माणसानं वाचावी तशी नाही, तर कायद्याच्या विद्यार्थिनीनं वाचावी तशी, परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक खुणा करत. पण एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती पुसलेली दिसणं यांत एवढं अंतर असेल, असं तिला वाटलं नव्हतं. काका मुहूर्त पाहत नसत. सगळे दिवस शिवाचेच, आपल्यात वारबीर नसतात, असं ते कपाळावरच्या भस्माला बोट लावून सांगत, आणि तरीही घरातलं एकही काम सोमवार सोडून दुसऱ्या वारी सुरू झालेलं तिला आठवत नव्हतं. विहीर सोमवारी, बारसं सोमवारी, ट्रॅक्टर सोमवारी. सभा आजची, पुढचा सोमवार आठवड्यानं. तेव्हा पाटी आजच पुसायला हवी होती. मंजुरीचं काय, ती तर घरातच होती.

परवानगी मिळण्याआधीच दोन कंपन्या एक झाल्यासारख्या वागू लागल्या, तर कायद्यात त्याला नाव आहे. रविवारी सकाळी लॅपटॉपवर शिकवणारे सर म्हणाले होते, शर्यतीत पिस्तुलाचा बार होण्याआधी धावत सुटलेला गडी डोळ्यांसमोर आणा. मोठ्या कंपन्यांना त्याबद्दल दंड होतो. त्रिवेणीला तो धडा आवडला होता. पण एवढ्याशा कंपन्यांकडे स्पर्धा आयोग ढुंकूनही पाहत नाही, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे, हेही तिनं वाचलं होतं. पाटीवर पांढरा हात देणं हा कुठल्याच कलमाखाली गुन्हा नव्हता. लॅबचं कुलूप काढताना तिनं स्वतःला हे दोनदा समजावलं.

लॅबमध्ये नेहमीचा वास होता, ओल्या कागदाचा आणि नुकत्या फुटलेल्या मोडांचा, थोडासा गोड, थोडासा मातकट. उगवणीच्या कपाटाची घरघर चालू होती. तिनं एप्रन चढवला, मुगाची गुंडाळी काढली आणि टेबलावर हळूच उलगडली. ओल्या कागदावर ओळीत निजवलेले दाणे आता ओळीत राहिले नव्हते. कुणी मूळ सरळ खाली सोडलं होतं, कुणी वळसा घेऊन शेजाऱ्याच्या अंगावर टाकलं होतं. चिमट्यानं ती एकेक उचलत गेली. नीट रोपं एका बाजूला, वेडीवाकडी दुसऱ्या बाजूला, कुजलेली तिसऱ्या. राहिलेले तीन-चार दाणे तसेच होते, पेरले त्या दिवशी होते तेवढेच, तसेच हिरवे, तसेच टणक. त्यांनी पाणीच आत घेतलं नव्हतं. नव्या मुली असले दाणे मेलेल्यांत टाकतात, आणि दर वर्षी कुणाला तरी तिला सांगावं लागतं की हे मेलेले नाहीत. यांना कठीण बी म्हणायचं, यांचा रकाना वेगळा. हे जिवंत आहेत. फक्त यांनी अजून काही ठरवलेलं नाही. हे शेवटचं वाक्य शास्त्रात नव्हतं. ते अप्पांचं होतं.

अप्पा म्हणजे राजेश्वर, तिचे वडील. कृषी विद्यापीठातून ती बियाणे शास्त्रात एम. एस्सी. होऊन आली तेव्हा त्यांनी गोदामाच्या टोकाची ही खोली झाडून, चुना मारून तिला दिली होती. आणि झरीच्या रानातला दगडी ज्वारीचा तुकडा दाखवायला नेलं होतं. दगडी ही या भागातली जुनी ज्वारी, कणीस भरीव, दाणा कठीण. बाजारात तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. अप्पा मात्र वर्षानुवर्षं त्या तुकड्यातून हातानं कणसं निवडून तिचं बी शुद्ध ठेवत होते. काकांना ते खूळ वाटायचं. सोयाबीन आणि कपाशी यांवर कंपनी चालते, दगडीवर नाही, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. अप्पांच्या आजारपणाच्या आदल्या हिवाळ्यात ती दोघं त्याच तुकड्यात उभी होती. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, पानांचा कोरडा आवाज चारी बाजूंनी येत होता, आणि अप्पांचा चेहरा दोन ताटांच्या मधून तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. त्यांनी एक कणीस वाकवून तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “लॅब तू सांभाळशील का?” सहज विचारल्यासारखंच विचारलं. ती म्हणाली, “बघू, अप्पा.” त्यांनी मान हलवली आणि पुढच्या ओळीत गेले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. ती लॅबमध्ये येत राहिली, गुंडाळ्या उलगडत राहिली, अहवालांवर सही करत राहिली; बाहेरून पाहणाऱ्याला ती लॅब सांभाळतच होती. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं, आणि ते दिलेलं नाही हे तिला रोज कुलूप काढताना कळायचं.

‘बघू’ हा तिचा शब्द होता. तिचा नवरा विश्वनाथ झरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, तो तिला चिडवायला बघूबाई म्हणायचा. भाजी काय करायची, बघू. मुलगी साक्षी बारावीनंतर कुठं जाणार, बघू. ती कायदा शिकायला निघाली तेव्हा तो खरोखरच चकित झाला होता, कारण त्या वेळी ती बघू म्हणाली नव्हती. त्याचं कारण जिंतूरचं कोर्ट. एका पिशवीतल्या बियाण्याच्या उगवणीवरून झालेल्या तक्रारीत ती साक्ष द्यायला गेली होती. वकिलांना उगवण म्हणजे काय ते सांगता येईना, आणि तिला विचारलेलं कळेना. पण तिथं बसल्या बसल्या तिला एका गोष्टीची भूल पडली: इथं प्रत्येक शब्द जागेवर बसवलेला होता, आणि तो हलवला की निकाल हलत होता. चाचणीच्या पद्धतीसारखंच. पाणी किती, तापमान किती, मोजायचं कोणत्या दिवशी, आणि कशाला नीट रोप म्हणायचं. चाळिशीच्या तोंडावर तिनं वकिलीची पदवी घेतली, आणि आता घरी बसून विलीनीकरण आणि अधिग्रहण यांच्या कायद्याची पदविका करत होती. “एवढ्या परभणीत तुला हाच विषय सापडला?” विश्वनाथ म्हणाला होता. “शेजारणी लग्नं जुळवतात, तू कंपन्यांची जुळवणार.” तिलाही नीट सांगता आलं नव्हतं की हाच विषय का. सर लग्नाचाच दाखला देत, सगळेच देतात. पण पुस्तकातल्या एका ओळीपाशी ती फार वेळ थांबली होती: विलीन होणारी कंपनी अवसायनाविना विसर्जित होईल. म्हणजे तिचं काही विकायचं नाही, हिशेब मिटवून दारं लावायची नाहीत. तिची जमीन, तिची यंत्रं, तिची देणी, तिच्यावरचे खटलेसुद्धा जसेच्या तसे पलीकडे जातील. फक्त ती उरणार नाही. ते वाचताना तिला ताटात पसरलेले तांदूळ दिसले होते, आणि त्यांत अंगठीनं कोरलेलं ‘सविता’ हे नाव. सासरच्यांना ते नाव आवडायचं म्हणून ठेवलं. नणंदेनं ताट पुढं केलं, सगळ्यांनी वाचून पाहिलं, मग कुणीतरी ताट हलवलं आणि तांदूळ पुन्हा नुसते तांदूळ झाले. सासरी ती अजून सविताच होती. वाईट काहीच झालं नव्हतं. सासरची माणसं चांगली होती, विश्वनाथ तर फारच. पण त्या दिवशी ताटाभोवतीच्या एवढ्या माणसांत तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तीही काही म्हणाली नव्हती, आणि ते न म्हणणं ‘हो’मध्ये जमा झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं जिंतूरला आईला फोन लावला. आई, म्हणजे मल्लम्मा, तिला सगळे अव्वा म्हणत.

“अव्वा, झरीचं अर्धं रान विकलं तेव्हा तू हो म्हणाली होतीस का?”

“आत्ता हे कुठून काढलंस? जेवलीस का?”

“जेवायले. सांग की.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. “तुझे काका ओसरीत होते. मी आत भाकरी थापत होते. त्यांनी पडद्याकडं पाहिलं न् म्हणले, वहिनीचं हो हाय. झालं.”

“पण तू म्हणालीस का?”

“मला कुणी विचारलंच न्हाई, तर हो कुठून म्हणू?” अव्वा हसली. राग नव्हता त्यात. एवढ्या वर्षांनी कुणीतरी विचारलं याचीच गंमत वाटल्यासारखी हसली. “विचारलं असतं तर काय म्हणले असते, तेबी ठाऊक न्हाई बघ आता.”

त्रिवेणीला तो पडदा आठवला, निळ्या फुलांचा, खालून तेलकट झालेला. पुढं कंपनीच्या सभांना तो पडदाही लागेनासा झाला. काकांचा आदल्या दिवशी फोन यायचा: “उन्हाचं खामखा येऊ नको. तुझं हो धरतो.” ती म्हणायची, बरं. इतकी वर्षं त्यानं काही बिघडलं नव्हतं, कारण त्या ठरावांना हजर असलेल्यांपुरतंच बहुमत लागायचं. या वेळचं वेगळं होतं, आणि हे तिला मागच्या महिन्यात, परीक्षेसाठी एक उदाहरण सोडवताना कळलं. लहान कंपन्यांच्या विलीनीकरणाला न्यायाधिकरणापुढं जावं लागत नाही. निबंधकांना कळवायचं, त्यांच्या हरकती असतील तर सभेत विचारात घ्यायच्या, आणि मग भागधारकांची मंजुरी. पण ती नऊदशांशांची, आणि नऊदशांश सभेला आलेल्यांचे नव्हेत, कंपनीच्या एकूण भागांचे. तिनं पुस्तकातली नावं काढून तिथं आपल्या घरची घातली होती, कारण घरची माणसं असली की उदाहरण पटकन सुटतं. सुटल्यावर ती उत्तराकडे पाहत राहिली. अप्पांचे शेअर एकदशांशाहून थोडे जास्त होते. म्हणजे ती सभेला आली नाही, काही बोलली नाही, काही लिहून दिलं नाही, तर नऊदशांश भरतच नव्हते. या एका कलमात गप्प बसणारा माणूस नाही म्हणणाऱ्यांत जात होता. तिनं ते कलम पुन्हा वाचलं. आयुष्यभर तिचं आणि अव्वाचं गप्प बसणं ज्या रकान्यात पडत आलं होतं, त्याच्या बरोब्बर समोरच्या रकान्यात कुणीतरी, तिला न ओळखणाऱ्यानं, दिल्लीत बसून ते टाकलं होतं. तिला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम माया वाटली होती. 

त्या दिवसापासून तिला हेही माहीत होतं की काहीच न करता हे थांबवता येतं. काका तिचं हो धरतील, तसं लिहितील, कागद पुढं जातील. आणि मग तिनं निबंधकांना एक ओळ लिहायची, की मी सभेत नव्हते आणि मी मत दिलेलं नाही. सगळं जागच्या जागी थांबेल. तोंड उघडायचीही गरज नाही. महिनाभर ही गोष्ट तिनं कुणालाही, विश्वनाथलासुद्धा, न सांगता जवळ ठेवली होती. कधी ती सुखाची वाटायची. कधी, विशेषतः सकाळी भांडी विसळताना, तिला तिची थोडी लाज वाटायची, अहवालात खोटाच वाढवून लिहिलेल्या उगवणीच्या आकड्याची वाटावी तशी.

“म्याडम, चहा,” नर्मदाबाईनं कप टेबलावर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसली. ती पेडगावहून यायची. ती आणि आणखी पाच-सहा बायका बी निवडायच्या, गुंडाळ्या भरायच्या. “वर लय तयारी चाललीय. पेढेबी आणलेत. आमचं काय लिवलंय त्यात?”

त्रिवेणीला तो परिच्छेद पाठ होता. कंपनीचे कर्मचारी जालन्याच्या कंपनीत आहेत त्याहून कमी नाही अशा अटींवर घेतले जातील. चांगला परिच्छेद होता, पुस्तकात असतो तसाच. पण नर्मदाबाई आणि तिच्या बायका कंपनीच्या कर्मचारी नव्हत्या. त्या कंत्राटदाराकडून येत. त्यांच्याबद्दल योजनेत एक शब्द नव्हता. वाईट हेतूनं गाळलेला नव्हे. तो कुणाला सुचलाच नव्हता.

“तुमचं...” ती म्हणाली आणि थांबली. “बघू.”

“तुमचं बघू म्हंजी आमच्या सुनंची मटकी. तीन दिस झाले फडक्यात बांधून, अजून मोड न्हाई.” नर्मदाबाईनं कपाळाला हात लावला. “तुमी मालकाच्या घरच्या. तुमाला काय, इथं काय न् जालन्याला काय. आमाला पेडगावची गाडी सहाला अस्ती.”

ती उठून गेली. स्टूल थोडं डुगडुगलं आणि स्थिर झालं. त्रिवेणीनं चहा घेतला. साखर जास्त होती, नेहमीच असायची, आणि नेहमीप्रमाणे तिनं ते सांगितलं नव्हतं.

अडीचच्या सुमाराला मन्मथ आत आला. तो तिच्याहून लहान, अंगानं भरलेला, हसरा. गळ्यात अजून लहानपणीच्याच चांदीच्या पेटीतलं लिंग होतं, शर्टाच्या गुंडीआडून दिसायचं. लहानपणी जिंतूरच्या घरी ताप आला की तो तिच्याच हातची पेज प्यायचा. त्यानं कपाटाच्या काचेला नाक लावून आत पाहिलं.

“अक्का, हे उगवू लागलं की लय भारी दिसतंय. आमच्याकडं मशीन मोजतंय आता, फोटो काढून. तुला दाखवतो.” मग खुर्ची ओढून बसला. “मी काय म्हणतो, तू जालन्याला क्वालिटीची हेड हो. गाडी पाठवतो रोज. न्हाईतर आठवड्यातून दोनदा ये. साक्षीलाबी तिकडं कॉलेज चांगलं हाय.”

“आणि दगडी?”

“दगडी कोण घेतंय अक्का?” त्यानं प्रेमानंच विचारलं. “राजेश्वरकाकांचं खूळ होतं ते. दोन पोती घरी नेऊन ठेव, भाकरीला.”

“पाटी आजच कशाला पुसली?”

तो ओशाळला. “मी नको म्हणलो होतो. पण तुझे काका, तुला ठाऊक हाय. सोमवार.” उठताना तो म्हणाला, “तू वर यायची तकलीफ नको घेऊ. काम चालू ठेव. तुझं हो धरलंय त्यांनी.”

दार लागलं. कपाटाची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली. आता फक्त बसून राहायचं होतं. मुगाचे ते तीन-चार दाणे अजून काचेच्या वाटीत वेगळे ठेवलेले होते. तिनं एक बोटांत घेतला. कायद्यानं तिला जे दिलं होतं ते एवढंच होतं, टणक, बंद, कुणाला आत न घेणारं. त्याच्या बळावर ती ही खोली वाचवू शकत होती, जशी आहे तशी, पडद्याआडून. आणि मग? मग काका विचारतील, मन्मथ विचारेल, नर्मदाबाई विचारेल, की पुढं काय? आणि ती म्हणेल, बघू. नाही म्हणून खोली वाचली तरी तिचं काय करायचं हा प्रश्न ज्वारीच्या ताटांमध्ये जसाच्या तसा उभा राहणार होता. धरलेलं हो खोटं होतं हे तिला इतके दिवस दिसत होतं. आता, दाणा बोटांत फिरवताना, तिला दिसलं की धरलेलं ‘नाही’सुद्धा तेवढंच खोटं आहे. दोन्हींत तिनं काही म्हटलेलंच नसतं. कठीण बियाला उगवायला लावायचं तर फार काही करावं लागत नाही. वाळूच्या कागदावर एकदा घासायचं. थोडंसं, एका बाजूनं. तेवढ्या ओरखड्यातून पाणी आत जातं. आज सकाळपासून आपल्याला जे होतंय ते काय आहे हे तिला इतकं साधेपणानं कळलं, की तिला हसू आलं. तिचा ओरखडा म्हणजे पाटीवरचा तो एक ओघळ.

तिनं एप्रन काढून खुंटीला लावला, मग पुन्हा घातला, आणि जिना चढली.

वरच्या खोलीत पंखा पूर्ण वेगात होता आणि पेढ्यांच्या खोक्यावर पाण्याचा ग्लास ठेवलेला होता, झाकण उडू नये म्हणून. काका टेबलाच्या टोकाला, पांढऱ्या टोपीत. मन्मथ, त्याची बायको, काकू. कोपऱ्यात सनदी लेखापाल बन्सीधर, पुढ्यात योजनेची प्रत, चष्मा कपाळावर. ती आत आली तेव्हा तोच बोलत होता.

“तसं धरता येत नाही काका. एरवी चाललं, या कलमात नाही चालत. त्या स्वतः पाहिजेत, नाहीतर त्यांचं लेखी पाहिजे.”

“अरे, घरची पोरगी हाय ती,” काका म्हणाले. “तिचं मला ठाऊक न्हाई तर कुणाला?” आणि मग त्यांना ती दिसली. चेहरा खुलला. “बघ, आलीच. ये, बस. तुझं हो धरलंच हाय, पण ह्यांचा कायदा ऐकंना. तेवढं तोंडानं म्हण, म्हंजी पेढे खायला मोकळे.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मायेनंच. ती बसली नाही. खिडकीतून खाली गेट दिसत होतं. सकाळी काम अर्धं सोडून गेलेला सिद्धोधन परत येऊन शिडी सरकवत होता, आता त्याचा ब्रश ‘काठ’वर येणार होता. जिभेच्या टोकाशी तो जुना, मऊ, गोल शब्द आला आणि तिथंच थांबला. तिला तो गिळावा लागला, गोळी गिळावी तसा.

“काका, माझं हो धरू नका.”

काकूंनी पदर सावरला.

“म्हंजी?” काका म्हणाले. “विरोध हाय तुझा?”

“कंपन्या एक व्हायला माझा विरोध नाही. मन्मथ ती चांगलीच चालवेल.” तिचा आवाज तिला अहवाल वाचताना लागायचा तसा लागला होता, सपाट, आणि त्याचा तिला आधार वाटला. “पण लॅब आणि झरीचा दगडीचा तुकडा या योजनेतून वेगळा काढा. माझ्या वाट्याच्या बदल्यात काढा. कायद्यात तसं करता येतं. योजना दुरुस्त करून पुन्हा मांडा, मी समोर बसून हो म्हणेन. आहे अशी आज मत देत नाही.”

मन्मथनं बन्सीधरकडे पाहिलं. बन्सीधरनं चष्मा खाली घेतला, पानं चाळली, हनुवटी खाजवली. “करता येईल,” तो म्हणाला. “सभा परत घ्यावी लागेल. पण करता येईल.”

“पुढच्या सोमवारी न्हाई जमायचं?” काका आपसूक म्हणाले, आणि मन्मथ तोंडावर हात ठेवून हसला. काकांना ते आवडलं नाही. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय ते अप्पांसारखे दिसत. इतके दिवस हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. “वेगळं काढायला जिगर लागती पोरी. काढल्यावर त्या बायकांची जिम्मेदारी कुणाची? सरकारी तपासणीला उत्तर कोण देणार? दगडी विकत फिरणार कोण? आँ? तोंडानं वेगळं काढा म्हणायला काय जातंय?” ते टेबलावर पुढं झुकले. त्यांना ठाऊक नव्हतं, ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, की पुढचं वाक्य त्यांच्या आधी त्यांच्या भावानं म्हटलेलं आहे, झरीच्या रानात, कणीस हातात देऊन. “लॅब तू सांभाळशील का?”

“हो,” त्रिवेणी म्हणाली. “सांभाळीन.”